लेकीचे पहिले बाळंतपण

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. माझी लेक दिंडोशीला यायची ठरली, तेव्हा डिंकाच्या लाडवांआधी मी प्रसूतिगृहाचा विचार केला. शेजारणी म्हणाल्या, “त्या डाक्टरीणबाई फार गोड बोलतात हो!” गोड बोलणे हवेच, पण माझी आत्या बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने गेली. आजही बाळंतिणींच्या मृत्यूचे ते मोठे कारण आहे, आणि त्यात घटकाभरात होत्याचे नव्हते होते.

म्हणून आम्ही मायलेकी चार प्रश्न घेऊन हिंडलो. मध्यरात्री भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात? रक्त कोठून आणता? बाळ रडले नाही तर कोण पाहील? तुम्ही गावाला असाल तर तिची सुटका कोण करील? ज्या बाईंनी न रागावता उत्तरे दिली, त्यांचे नाव लेकीने पक्के केले.

मैत्रिणींनो, सिझेरियन कधी करता, हेही विचारा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खाजगी रुग्णालयांत 47.4 टक्के बाळंतपणे त्या शस्त्रक्रियेने झाली. सरकारी रुग्णालयांत 14.3. ती जीव वाचवते, हे खरे. पण कारण समजून घ्यावे.

खर्चाचा संकोच नको. परळचे वाडिया प्रसूतिगृह 1926 पासून गोरगरिबांच्या लेकीसुनांना सांभाळीत आले आहे. मात्र दिंडोशीहून परळ लांब, आणि भर पावसात द्रुतगती मार्ग तुंबतो. तेव्हा अंतर मैलांत मोजू नका, मिनिटांत मोजा.