हातभर अंतरापलीकडचा मी

मुरब्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फोन धरलेले हात लांबलेले दिसतात. त्या फोटोंत चेहरा येतो, मुरबे येत नाही. फोन तोंडापासून जेमतेम दोन फुटांवर असतो. जवळचं नाक फुगतं आणि मागच्या होड्या, खाडी, पलीकडची सातपाटी चिमूटभर उरते. स्वतःचा फोटो गावासकट हवा असेल, तर हात आखडून दुसरी वाट शोधावी लागते.

ही हौस फोनची नव्हे. फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियसने 1839 मध्येच स्वतःची छबी टिपली होती. पण स्वतःला रस्त्यात शोधावं ते व्हिव्हियन मायरने. जन्म 1926 चा, शिकागोत मुलं सांभाळायची नोकरी, आणि गळ्यात रोलीफ्लेक्स कॅमेरा. तिची निगेटिव्हची खोकी 2007 मध्ये लिलावात निघाली, तोवर तिचं काम जगाला ठाऊकच नव्हतं. 2009 मध्ये ती गेली. रोलीफ्लेक्स पोटाशी धरून वरून खाली बघायचा असतो, म्हणून आरशात तिचा चेहरा झाकला जात नाही. दुकानांच्या काचा, रस्त्यावरचे आरसे, पदपथावर पडलेली स्वतःची सावली, काही म्हणून तिने सोडलं नाही.

आमच्या जवळच्या बोईसरच्या बाजारात हे सहज जमतं. दुकान आतून अंधारं आणि आपल्यावर ऊन असेल, तर काचेत आपण ठळक उमटतो. आतले दिवे लागले की आपण पुसले जातो आणि साड्या नेसलेल्या पुतळ्या पुढे येतात. दोन्हींच्या मधली वेळ सगळ्यांत मजेची, कारण तेव्हा माणूस आणि माल एकमेकांत मिसळतात. फोकस काचेवर ठेवू नये. आपण काचेपासून जितके दूर, तितकंच प्रतिबिंब काचेच्या आत असतं. पडद्यावर बोट ठेवायचं ते त्या प्रतिबिंबावर. शेजारच्या तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राकडे मात्र कॅमेरा वळवू नये. तिथे हौसेला जागा नाही.

सावलीचा हिशेब आणखी सोपा. सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असला की सावली आपल्याएवढी, साडेसव्वीस अंशांवर दुप्पट. मे महिन्याच्या मध्यानंतर आणि जुलैच्या उत्तरार्धात आपल्याकडे एकेका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायांखालीच दडते. दिवाळीतली संध्याकाळ याच्या अगदी उलट: सावली गल्ली ओलांडून समोरच्या भिंतीवर चढते, तिथे तिला चक्क डोकं फुटतं.

बटण दुसऱ्याने दाबलं तर तो फोटो आपला का? पुष्पमाला एन. या मूळच्या शिल्पकार. 'फँटम लेडी ऑर किस्मत' (1996–98) या मालिकेत स्टंटपटांतल्या फिअरलेस नादियाची आठवण करून देणारा मुखवटा लावून त्या मुंबईत वावरल्या आणि कॅमेरा होता मीनल अगरवाल यांच्या हातात. तरी ती कलाकृती पुष्पमालांचीच, कारण वेश, जागा, कथा त्यांची. माझ्या मते वाद तिथेच मिटतो.

त्यामुळे मुरब्यात ट्रायपॉड नसला तरी अडत नाही. फोन शेजारच्या पोराच्या हातात द्यावा, चौकट आधी आखून त्याला पाय न हलवायला सांगावं आणि मग वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून चालत सुटावं. सलग फोटो काढायची सोय चालू ठेवली, तर विसातला एखादा कामाचा निघतो.