आधी पिक्सेल, मग केबी

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर भागात परीक्षांच्या फॉर्मचा हंगाम सुरू झाला, की झेरॉक्सच्या दुकानांचं मुख्य काम झेरॉक्सचं राहत नाही. ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशा पाटीमागे संगणकापुढे एक ऑपरेटर बसलेला असतो आणि अहमदपूर, उदगीर, मुखेड, किनवटकडची मुलं नीट, सीईटी, बँक भरतीचे फॉर्म घेऊन त्याच्याभोवती उभी असतात. नाव, जन्मतारीख, गुण हे सगळं पटापट भरून होतं. काम अडतं ते फोटोवर. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबीत हवा, सही १० ते २० केबीत. ‘५० केबीत बसवा’ हा आकडा मग सगळ्यांच्या तोंडी होतो. पुढे प्रवेशपत्रावर छापून आलेला चेहरा ओळखू येईनासा झाला, की दोषही त्या ५० केबीलाच दिला जातो. माझ्या मते हा दोष चुकीच्या जागी जातो. चेहरा बिघडतो तो कामाच्या उलट्या क्रमाने, आणि तो क्रम सुलट करायला ना महागडं यंत्र लागतं, ना जास्त वेळ.

हिशेब साधा आहे. आयबीपीएसच्याच सूचनांमध्ये फोटो २०० बाय २३० पिक्सेल असावा असंही लिहिलेलं असतं, पण ती ओळ कुणी वाचत नाही. २०० बाय २३० म्हणजे ४६ हजार बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगाला तीन बाइट धरले, तर काहीही न दाबता (कॉम्प्रेस न करता) ही फाइल साधारण १३५ केबीची होते. ती ५० केबीत आणायची म्हणजे जेमतेम तिसऱ्या हिश्शावर आणायची. जेपीईजी पद्धत दहापट दाबूनही चेहरा शाबूत ठेवते, तेव्हा इथे तर भरपूर मोकळी जागा आहे. आता उलटा क्रम पाहा. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलवर काढलेला फोटो थोडाफार कापला, १२०० बाय १३८० असा ठेवला, आणि ‘क्वालिटी’ची पट्टी खाली ओढत ५० केबी गाठले. बिंदू छत्तीसपट, जागा तेवढीच. म्हणजे फोटो जवळजवळ शंभरपट दाबला गेला. आकडा दोन्हीकडे ५० केबीच आहे, पण पहिल्या फोटोत भुवईचा केस दिसतो आणि दुसऱ्यात गालावर चौकोन उमटतात.

ते चौकोन कुठून येतात हे समजलं, की ऑपरेटरच्या हातातल्या प्रत्येक पायरीला अर्थ येतो. १९९२ मध्ये मान्य झालेलं जेपीईजीचं मानक चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे तुकडे करतं. प्रत्येक तुकड्यावर जे गणित चालतं, ते मूळच्या बंगळुरूच्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. तुकड्यातला ठळक उतार-चढाव जपायचा आणि डोळ्याला सहसा न जाणवणारी बारीक थरथर सोडून द्यायची, असं ते तत्त्व. सपाट पांढऱ्या भिंतीचा तुकडा जवळपास फुकटात साठतो. नक्षीदार पडदा किंवा मागे दिसणारं कपाट चेहऱ्याच्या वाट्याचे केबी खातं. कमी उजेडात काढलेल्या फोटोतले दाणेही तपशील समजूनच साठवले जातात. म्हणून पांढरी पार्श्वभूमी आणि समोरून उजेड या जाचक वाटणाऱ्या अटी प्रत्यक्षात चेहऱ्यासाठी जागा राखतात. चांगला ऑपरेटर आधी चेहऱ्याभोवती नीट कापतो, मग पिक्सेल ठरवतो, लहान केल्यावर आलेला मऊपणा काढायला किंचित ‘शार्प’ करतो, आणि केबीला सर्वांत शेवटी, एकदाच हात लावतो.

एकदाच, यावर मला जोर द्यायचा आहे. जेपीईजी प्रत्येक वेळी नव्याने सेव्ह करताना काहीतरी कायमचं सोडून देतं. मामाच्या मोबाइलवरून व्हॉट्सॲपवर आलेला, त्याचा स्क्रीनशॉट काढलेला, मग एखाद्या ॲपने दाबलेला फोटो दुकानात पोचतो तेव्हा त्यात वाचवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला असता, तर मूळ फाइल जशीच्या तशी आली असती. किमान २० केबीची अट पूर्ण करायला अशी मेलेली फाइल मोठी करता येते. केबी वाढतात, गेलेला चेहरा परत येत नाही. म्हणून ‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न विचारणारा ऑपरेटर मला या सगळ्या कामातला खरा जाणकार वाटतो. सहीबाबत तर हे अधिकच खरं. पांढऱ्या कागदावरची काळी रेघ म्हणजे तीव्र कडा, आणि जेपीईजी सर्वांत आधी कडांभोवती घाण करतं. मोबाइलची सावली पडलेला करडा कागद तसाच दाबण्याऐवजी सही स्कॅन केली, कागद पुरता पांढरा केला आणि मग १४० बाय ६० पिक्सेलवर आणली, तर १० ते २० केबी पुरून उरतात.

एवढ्याशा फोटोत कोण पाहतो, असं म्हटलं जातं. पर्यवेक्षक पाहतो. नीटला अर्जात जो फोटो चढवला, तोच हजेरीपत्रकावर चिकटवायला न्यावा लागतो आणि चेहरा त्याच्याशी ताडला जातो. दुसरा आक्षेप असा, की मोफत ॲप हे काम क्षणात करतात. करतात, पण त्यातली बरीचशी फक्त केबीचा पाठलाग करतात. शिवाय फोटो, सही आणि अंगठ्याचा ठसा हे तिन्ही अनेकदा कुणाच्या तरी अनोळखी सर्व्हरवर ठेवून यावं लागतं. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हे ओझं सतरा वर्षांच्या मुलावर का? संकेतस्थळानेच मोठा फोटो घेऊन स्वतः कापावा, लहान करावा. हे मला पूर्ण मान्य आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यात अवघड काही नाही. कर्मचारी निवड आयोगाने २०२४ पासून अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर फोटो काढायला सुरुवात केली, ते त्याच दिशेचं पाऊल आहे. मात्र त्याने कौशल्याची गरज संपत नाही. ती केबीकडून उजेडाकडे आणि पार्श्वभूमीकडे सरकते, आणि ज्याच्या घरी चांगला कॅमेरा नाही त्याला दुकान लागतंच.

तोवर या दुकानांतल्या कामाकडे बटण दाबण्याचं काम म्हणून पाहणं थांबायला हवं. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’चं श्रेय महाविद्यालयांना आणि शिकवण्यांना मिळतं, ते योग्यच आहे. पण त्या पॅटर्नमधला प्रत्येक मुलगा परीक्षेच्या दारात पोचतो तो कुणीतरी नीट बसवलेल्या फोटोवरून. शिकवणीवर्गांनी फॉर्मच्या आधी पांढऱ्या भिंतीसमोर एकदा व्यवस्थित फोटो काढून मूळ फाइल मुलांच्या हाती द्यावी. ऑपरेटरने पावतीबरोबर ती मूळ फाइल आणि लहान केलेली फाइल अशा दोन्ही परत कराव्यात, कारण पुढचा फॉर्म वेगळं माप मागणारच आहे. आणि सूचना लिहिणाऱ्यांनी पिक्सेलचा आकडा केबीच्या आधी, ठळक अक्षरांत छापावा. एवढं झालं, तर ५० केबी ही तक्रार उरणार नाही.