गुळवेल : एका वनस्पतिनामाची व्युत्पत्ती

१. प्रास्ताविक

गुळवेल चवीला कडू असते. तापावरच्या काढ्यात तिच्या खोडाचे तुकडे उकळून ज्यांनी तो घेतला आहे, त्यांना हे सांगावयास नको. मग तिच्या नावात गूळ कोठून आला? शब्दाचे आजचे रूप पाहून त्याचा अर्थ ठरविणे किती फसवे असू शकते, हे या एका नावाच्या आधारे प्रस्तुत घटकात पाहू.

२. संस्कृतमधील नावे

या वेलीचे प्रमुख संस्कृत नाव ‘गुडूची’. परंपरागत व्युत्पत्तीनुसार ते ‘गुड्’ म्हणजे रक्षण करणे या धातूपासून सिद्ध होते. गुडूची म्हणजे रोगापासून रक्षण करणारी. याखेरीज अमरकोशाच्या वनौषधिवर्गात तिचे अनेक पर्याय आले आहेत. त्यांपैकी काहींतून प्रत्यक्ष निरीक्षण दिसते. ‘छिन्नरुहा’ म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी. या वेलीचा तुकडा तोडून लावला तरी तो रुजतो. ‘वत्सादनी’ म्हणजे वासरे जिला खातात ती. ‘अमृता’ या नावात मात्र निरीक्षणापेक्षा श्रद्धा अधिक आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात त्याची कथा येते : रावणवधानंतर इंद्राने मृत वानरांवर अमृताचा वर्षाव केला आणि त्याचे थेंब भूमीवर पडले तेथे ही वेल उगवली. कन्नडमधील ‘अमृतबळ्ळि’ आणि मराठीतील ‘अमृतवेल’ ही नावे याच कल्पनेशी जोडलेली आहेत.

३. ध्वनिपरिवर्तन

गुडूचीपासून पुढे काय झाले, हे समजण्यासाठी दोन नियम लक्षात घ्यावे लागतात.

(अ) दोन स्वरांमधील ‘ड’चा मराठीत ‘ळ’ होतो : गुड – गूळ, तडाग – तळे, षोडश – सोळा.

(आ) दोन स्वरांमधील ‘च’ प्राकृतात लोप पावतो : सूची – सुई.

हे दोन्ही बदल गुडूचीत घडले. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘गलोई’ हे रूप नोंदविले आहे. हिंदीतील ‘गिलोय’ आणि गुजरातीतील ‘गळो’ ही त्याच परंपरेतील रूपे होत. मराठीने मात्र वेगळी वाट धरली. येथे ‘गुळ’ हा पूर्वभाग टिकला आणि उत्तरभागाच्या जागी ‘वेल’ हा ओळखीचा शब्द आला.

४. लोकव्युत्पत्ती

असे का व्हावे? शब्दाचा मूळ अर्थ बोलणाऱ्यांच्या स्मरणातून गेला की त्याचे अपरिचित अवयव त्यांना खटकू लागतात. मग परिचित शब्दाचा आधार देऊन त्याला नवा अर्थ दिला जातो. या प्रक्रियेस ‘लोकव्युत्पत्ती’ म्हणतात. ‘पावरोटी’ या शब्दातही असाच आधार दिसतो. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थच भाकरी किंवा पाव असा आहे. तो कळेनासा झाल्यावर त्याला ‘रोटी’ जोडली गेली. गुळवेलीच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या. ती वेल असल्यामुळे ‘वेल’ हा शब्द सहज जोडला गेला. आणि ‘गुड’ व ‘गुडूची’ यांच्या आरंभीच्या ध्वनींचा विकास सारखाच झाल्यामुळे ‘गुळ’ या अवयवात गोड पदार्थाचा भास होऊ लागला. म्हणजेच येथील गूळ हा ध्वनिसाम्याने आलेला आहे, चवीमुळे नव्हे.

५. नाव आणि वस्तू

या विवेचनाला व्यवहारातही महत्त्व आहे. कोविडच्या साथीत अनेक घरांत गुळवेलीचे काढे घेतले गेले. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमधील यकृताच्या विकाराची नोंद प्रसिद्ध केली. त्या वनस्पतीची नेमकी ओळख पटविली गेली नव्हती, दिसायला सारखी असणारी दुसरी जात वापरली गेली असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. या वादाचा निर्णय वैद्यकशास्त्राने करावयाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने यातून एवढे ध्यानी घ्यावे की ‘अमृता’ हे नाव गुणाचा पुरावा नव्हे आणि ‘गुळवेल’ हे नाव वनस्पतीच्या ओळखीची हमी नव्हे. नाव हे त्या वस्तूविषयी माणसांनी काय पाहिले, काय मानले आणि काय विसरले, याची नोंद असते.

६. सारांश

गुळवेल हे नाव गुडूचीपासून ध्वनिपरिवर्तन आणि लोकव्युत्पत्ती या दोन प्रक्रियांतून घडले. पहिली नियमबद्ध असते, तर दुसरी अर्थाच्या शोधातून घडते. कोणत्याही शब्दाची व्युत्पत्ती मांडताना दोहोंचा विचार करावा लागतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘छिन्नरुहा’ आणि ‘अमृता’ या नावांमागील दृष्टीत कोणता फरक आहे?

२. ‘ड’चा ‘ळ’ होण्याचा नियम सोदाहरण स्पष्ट करा.

३. आपल्या परिसरातील एखाद्या वनस्पतीचे स्थानिक नाव घ्या. त्याविषयी वडीलधारी मंडळी देत असलेले स्पष्टीकरण लिहून घ्या आणि शब्दकोशातील व्युत्पत्तीशी ते ताडून पाहा.