पेढीतील दिवे आणि यतना

पावसाळ्यात सकाळी कार्यालय उघडावे, तर छतावरील दिव्याच्या झाकणात मेलेले पतंग साचलेले दिसतात. या चतुरिंद्रिय जीवांना विशेषतः अतिनील व निळे किरण ओढून आणतात. म्हणून चातुर्मासापूर्वी दिवे बदलताना केवळ किंमत आणि शोभा पाहू नये.

ट्यूबलाइटमधून काही अतिनील किरण बाहेर पडतात. सामान्य एलईडीमध्ये ते जवळजवळ नसतात. त्यातही ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या दिव्यापेक्षा ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश कीटकांना कमी आकर्षित करतो. दिवा सर्व बाजूंनी बंद, फटी नसलेला घ्यावा. वाटीच्या आकाराचा उघडा दिवा जीवांचा सापळाच ठरतो.

कामाचीही आबाळ होऊ नये. लिखापढीच्या मेजावर सुमारे ५०० लक्स प्रकाश असावा. मात्र संगणकाच्या पडद्यात दिव्याचे प्रतिबिंब पडू नये. दिव्यांच्या प्रत्येक ओळीला स्वतंत्र बटण असावे, म्हणजे रिकाम्या जागेवरचा दिवा विझवता येतो. सायंकाळी खिडक्यांना जाळी लावावी.

कोणताही दिवा सर्वथा निर्दोष नसतो. तथापि टाळता येण्याजोगी हिंसा जाणीवपूर्वक टाळणे, हीच गृहस्थाची यतना होय.