सिग्नलला गाडी बंद पडते? पार्ट बदलण्याआधी हे बघा

गॅरेज टाकायचं मनात असेल तर ही तक्रार पहिल्याच महिन्यात ऐकायची तयारी ठेवा: "दादा, गाडी सिग्नलला थरथरते, एसी लावला की बंदच पडते."

माझी चूक आधी सांगतो. गॅरेज नवीन होतं, अशीच एक जुनी पेट्रोल हॅचबॅक आली. मी थेट प्लग बदलले, एक कॉइलही बदलली. दोन दिवसांत गाडी परत दारात, तक्रार तीच. मजुरी सोडली, कॉइलचे पैसे परत दिले. लावलेली कॉइल दुकानदार परत घेत नाही, ती माझ्याच अंगावर पडली. वाईट याचं वाटलं, की काका आल्या आल्या म्हणाले होते, "बॅटरी बदलल्यापासून होतंय हे." मी ऐकूनच घेतलं नव्हतं.

आता बॅटरीचा आणि आयडलिंगचा काय संबंध? बघा, हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत आयडलिंगचा स्क्रू नसतो. थ्रॉटल बॉडीतली पाकळी किती उघडायची ते ईसीयू ठरवतो. पाकळीच्या कडेला हळूहळू कार्बन साचतो, हवेची वाट अरुंद होते. ईसीयू तेवढी पाकळी जास्त उघडून सांभाळून घेतो आणि ते लक्षात ठेवतो. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत ही आठवण पुसली जाते. पाकळी मूळ जागेवर येते, कार्बन मात्र तिथेच. हवा कमी पडते, आरपीएम खाली. म्हणजे दोष बॅटरीचा नाही, तिने फक्त झाकलेलं उघडं केलं.

म्हणून पहिला प्रश्न, "कधीपासून?" दुसरा, "थंड असताना की गरम झाल्यावर?" मग इंजिन पूर्ण गरम करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये स्कॅनरवर आरपीएम वाचा. चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीला साधारण ७०० ते ८५०. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. आकडा बरोबर आहे आणि तरी गाडी थरथरते? मग इंजिनचं फाउंडेशन बघा. यात भलेभले फसतात. तीन सिलिंडरची गाडी तर मुळातच थोडी हलते, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगा.

आकडा खरंच कमी असेल तर एसी लावून बघा. ईसीयूने आरपीएम सावरायला हवा. सावरत नसेल तर थ्रॉटल बॉडी उघडा. त्याआधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघून घ्या: अधिक दहाच्या बराच वर असेल तर हवेचा पाइप कुठेतरी चिरलाय किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी आहे, नुसत्या सफाईने भागणार नाही. चालू इंजिनला बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. एअर फिल्टर बघायला सांगायला नको.

सफाई करताना चावी बंद. थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घ्या, तारेचा ब्रश नको, आतलं कोटिंग जातं. पाकळी बोटाने जबरदस्ती ढकलू नका. शेवटी स्कॅनरने आयडल लर्निंग करा. ते विसरलात तर वाट मोकळी झालेली, आणि पाकळी जुन्या हिशोबानेच उघडी. आयडलिंग आता उलट चढतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, "बिघडवून दिली."

पैशाचं बोलूया, कारण आपण धंदा करतोय. तपासणीची फी वेगळी लावा आणि बॉनेट उघडायच्या आधी सांगा. "नुसतं बघायचे पैसे?" असं विचारणारे भेटतील, त्यातले काही निघूनही जातील. जाऊ द्या. फी नाही घेतली की पार्ट विकूनच कमवावं लागतं, आणि मग नको ती कॉइल बदलली जाते.

बिलावर मी आता दोन आकडे लिहितो, कामाआधीचा आरपीएम आणि नंतरचा, एसी लावून. त्या काकांच्या गाडीचे होते ५२० आणि ८००. त्यांनी नंतर मेहुण्याची गाडीही आणली.