दिल्ली ते लेह : तिकिटावरचा सव्वा तास

गेल्या जूनमध्ये पुण्याहून नणंद आणि सासूबाई आमच्या नोएडाच्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघींचे लेहचे विमान होते. नणंदेने सहलीचे वेळापत्रक कागदावर मांडूनच आणले होते : सकाळी लेह, हॉटेलवर आंघोळ आणि दुपारी लगेच खारदुंग ला.

"अहो वहिनी, सव्वा तासाचं तर विमान आहे. थकायला होतंय कशाला?"

अंतराचा तिचा हिशेब बरोबर होता. लेह दिल्लीच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे, सरळ रेषेत सुमारे ६२० किलोमीटर. मुंबई-दिल्ली अंतराच्या निम्म्याहून थोडे जास्त. मनालीमार्गे गाडीने गेलात तर हेच अंतर हजार किलोमीटरच्या आसपास होते आणि दोन-तीन दिवस लागतात. तिकिटावरच्या सव्वा-दीड तासात विमान धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरून थांब्यावर येण्याचा वेळही धरलेला असतो. प्रत्यक्ष हवेत तुम्ही तासभरच असता.

तिकिटावर लिहिलेली नसते ती उंची. दिल्लीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २३७ मीटरवर, तर लेहचा ३,२५६ मीटरवर, म्हणजे १०,६८२ फुटांवर आहे. उडत्या विमानात केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी दाट ठेवतात. म्हणजे लेहला दार उघडते तेव्हा बाहेरची हवा प्रवासातल्या हवेपेक्षाही विरळ असते! समुद्रकाठी श्वासागणिक जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन तृतीयांशच तिथे मिळतो. खारदुंग ला तर पाच हजार मीटरच्याही वर.

सासूबाई ६६ वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी रोज चालू. मी नणंदेला कागद बदलायला लावला. ती रागावली, चार दिवसांच्या रजेतले दोन दिवस लोळण्यात घालवायचे म्हणून. पण विमानाने आलेल्यांनी पहिले ४८ तास लेहमध्येच विश्रांती घ्यावी, असे लडाखचे प्रशासनही सांगते. रात्री सासूबाईंच्या डॉक्टरांना फोन करून गोळ्यांबद्दलही विचारून घेतले.

पहिल्या रात्री डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे हे बऱ्याच जणांना होते. पाणी, हलके जेवण आणि आराम पुरतो. मात्र बसल्याजागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर वाट न बघता रुग्णालय गाठायचे आणि खाली उतरायचे.

परतीचेही थोडे. दुपारनंतर डोंगरातून जोराचे वारे सुटतात, त्यामुळे लेहची बहुतेक विमाने सकाळीच येतात-जातात. सकाळचे विमान रद्द झाले की तो दिवस गेलाच. जुलै २०२४ च्या अखेरीस तर वारा नव्हे, उन्हाने विमाने रद्द झाली. तापलेली विरळ हवा पंखांना पुरेसा उचल देत नाही. म्हणून दिल्लीहून पुढचे पुण्याचे विमान त्याच दुपारचे घेऊ नका. आमच्या दोघी एक रात्र नोएडाला राहूनच गेल्या.

खारदुंग ला राहिलाच. दोन दिवस खिडकीतून स्टोकचे बर्फाळ डोंगर बघितले आणि तिसऱ्या दिवशी थिकसेचा मठ, तोही सासूबाईंनी पायऱ्यांवर चारदा बसून. नणंद अजून खारदुंग लाबद्दल मला बोलते. सासूबाई मात्र पुढच्या वर्षी आठ दिवसांची रजा काढ, असे तिला सांगून बसल्या आहेत.