चाकांवरच्या घरात तीन रात्री



मे महिन्याच्या सुरुवातीच्या बँक हॉलिडेला आम्ही वर्गाला आलो नाही, तेव्हा पुढच्या रविवारी सगळ्यांनी विचारले, "कुठे होतात?" आम्ही एका मोटरहोम क्लबच्या मेळाव्याला डर्बीशरमध्ये, बेकवेल गावाजवळ गेलो होतो. आम्ही चौघे आणि साताऱ्याहून आलेली आजी. "तीन दिवस शेतात राहून करता तरी काय?" हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

मेळावा म्हणजे काय?

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे छोटे घर. पुढे चालकाची जागा, मागे बिछाने, शेगडी, फ्रिज, मोरी आणि शौचालय. इथे अशा गाड्यांच्या मेळाव्याला रॅली म्हणतात. १९६० च्या एका कायद्यामुळे मान्यताप्राप्त क्लबला एखाद्या शेतात पाच दिवसांपर्यंत मेळावा भरवता येतो. त्या शेताला वेगळा परवाना लागत नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी जिथे नुसते गवत होते, तिथे रात्रीपर्यंत वीसेक घरांची वाडी वसली होती. आगीचा धोका पसरू नये म्हणून दोन गाड्यांमध्ये सहा मीटर अंतर ठेवायचे, हा पहिला नियम. सोमवारी निघताना शेतात चाकांच्या खुणांखेरीज काही राहता कामा नये, हा शेवटचा.

शेतात विजेची जोडणी नव्हती. नळ एकच, तोही पार टोकाला. त्यामुळे सगळे मोजून वापरायचे.

पाण्याचा आणि विजेचा हिशेब

आमच्या गाडीची टाकी १०० लिटरची. माणसे पाच, दिवस तीन. म्हणजे माणशी दिवसाला साडेसहा लिटरच्या आसपास. या देशात घरी एक माणूस दिवसाला साधारण १४० लिटर पाणी वापरतो! टाकी संपली तर डबा घेऊन शेताच्या टोकापर्यंत चालायचे.

इथे आजी आमची गुरू झाली. तिचे माहेर माण तालुक्यातले, आणि १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. तिने ताटे आधी कागदाने पुसून घेतली, मग एका पातेल्यात घासली आणि दुसऱ्यात विसळली. विसळलेले पाणी पुढच्या खेपेला घासायला. सोमवारी सकाळी टाकीत चहापुरते पाणी शिल्लक होते आणि डबा एकदाच भरावा लागला होता.

आता वीज. घरासाठी वेगळी बॅटरी असते, इंजिनाची वेगळी. नाहीतर दिव्यांपायी गाडीच सुरू व्हायची नाही. आमची बॅटरी १२ व्होल्ट, ११० अँपिअर-तासांची. गुणाकार केला की १,३२० वॉट-तास होतात. पण अशी शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर खराब होते. म्हणून आपल्या हाती ६६० धरायचे.

रोजचा खर्च असा: दिवे ४५, पाण्याचा पंप १५, फोन ४५, हीटरचा पंखा १००. एकूण २०५ वॉट-तास. तीन रात्रींचे झाले ६१५. कसेबसे जमले! २,००० वॉटची विजेची किटली लावली असती, तर वीस मिनिटांत सगळा साठा संपला असता. म्हणून चहा गॅसवर.

विस्तवाने थंड होणारा फ्रिज

आमच्या धाकटीला सगळ्यात मोठे नवल फ्रिजचे वाटले. तो गॅसच्या ज्योतीवर चालतो. आग लावून थंड कसे होते? आतल्या बंद नळ्यांत अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो. ज्योतीच्या उष्णतेने अमोनियाची वाफ होऊन ती वेगळी निघते. मागच्या जाळीत ती निवते आणि अमोनिया पातळ होतो. मग फ्रिजच्या आतल्या बाजूला त्याची पुन्हा वाफ होते, आणि वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तो आपल्या दुधातून, दह्यातून ओढून घेतो. ओल्या अंगाला वारा लागला की गार वाटते, तसेच. शेवटी पाणी त्या वाफेला पुन्हा पोटात घेते आणि फेरा सुरू राहतो. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, ही रचना शोधली. हा द्रव आपल्या वजनाने वाहतो, म्हणून गाडी सपाट उभी हवी. आम्ही पाणसळ ठेवून, चाकांखाली पाचरी सरकवून ती सपाट केली.

जमिनीतली भोके

आता मुख्य गोष्ट. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा तळाशी साचतो. म्हणून मोटरहोमच्या जमिनीत मुद्दाम भोके ठेवलेली असतात, गळलेला गॅस खालून निघून जावा यासाठी. ताजी हवाही त्यातून येते. ती बंद झाली आणि शेगडी नीट जळली नाही, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो. त्याला ना रंग ना वास.

पहिल्या रात्री कडाक्याची थंडी होती. आम्ही दोघे बाहेर शेजाऱ्यांशी बोलत उभे होतो. आत आजीच्या पायांना गार वारा लागत होता. तिने एक फडके घेतले आणि भोक बुजवले. आमच्या अकरा वर्षांच्या मुलाने ते पाहिले. भोक उघडे हवे हे त्याला ठाऊक होते. मेळाव्याच्या व्यवस्थापकांनी मुलांना सगळे इंग्रजीत समजावले होते. तो म्हणाला, "आजी, ते नको... डोन्ट..." आजीला वाटले, चांगले फडके वापरले म्हणून बोलतोय. ती म्हणाली, "जुनंच आहे रे!" आणि तो गप्प बसला.

झोपण्यापूर्वी सगळे तपासताना आम्हाला ते फडके दिसले. धोक्याची सूचना देणारा भोंगा गाडीत होता आणि गॅसही गळला नव्हता, त्यामुळे काही विपरीत घडले नाही. पण मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "मला माहीत होतं, पण मराठीत सांगता येईना."

दोष आजीचा नव्हे, मुलाचाही नव्हे. आमचा. गाडीचे पुस्तक इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, आणि घरातल्या एका माणसाला त्या सांगायच्याच आम्ही विसरलो होतो. सकाळी मुलाने आमच्या मदतीने आजीला सगळे समजावले. तिला ते क्षणात कळले. "धूर वर जातो म्हणून चुलीला धुराडं वर. हा खाली बसतो म्हणून ह्याचं भोक खाली." आम्हा इंजिनिअरांना इतके सोपे सुचले नव्हते. त्या रात्री तिने दोन जोड पायमोजे घातले.

आसपासच्या सहली

शनिवारी क्लबच्या छोट्या बसने क्रॉमफर्डला गेलो. रिचर्ड आर्कराइट यांनी १७७१ मध्ये इथे पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी सुरू केली. २००१ पासून हा परिसर जागतिक वारसा आहे. १८५६ मध्ये मुंबईत ताडदेवला पहिली कापड गिरणी वाफेवर सुरू झाली. गिरणगाव वसवणाऱ्या यंत्रयुगाची सुरुवात या ओढ्याकाठी झाली होती.

रविवारी ईम या खेड्यात गेलो. १६६५ मध्ये लंडनहून एका शिंप्याकडे आलेल्या कापडातून इथे प्लेग आला, असे सांगतात. पुढच्या वर्षी धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅनली यांनी गावाला समजावले, की आपण बाहेर गेलो तर रोगही जाईल. गावकऱ्यांनी स्वतःला सीमेत बांधून घेतले. बाहेरचे लोक सीमेवरच्या दगडापाशी अन्न ठेवत. गावकरी दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात पैसे ठेवत. परंपरेने मृतांचा आकडा २६० सांगतात. मॉम्पेसन यांची पत्नीही त्यात गेली.

दगडापाशी आजीने मुलांना सावित्रीबाई फुल्यांची गोष्ट सांगितली. पुण्याच्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगानेच गेल्या. मुलाने मध्येच दोनदा अर्थ विचारला. आजीने दोन्ही वेळा थांबून सांगितला.

मुलांसाठी गृहपाठ

१. तुमच्या घरी पाच जणांना १०० लिटर पाणी तीन दिवस पुरवायचे आहे. कशाला किती द्याल? तक्ता करून आणा.

२. घरात गॅस बंद करायची कळ आणि धोक्याचा भोंगा कुठे आहे, ते शोधा. मग आजी-आजोबांना फोनवर मराठीत समजावून सांगा. त्यांना कळले की नाही, ते त्यांनाच विचारा.